जिओकॅश सापडावा म्हणून लपवायचा की सापडू नये म्हणून?

टेकडीवेडा:
दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका टेकडीवर मी पहिला जिओकॅश लपवला. (खेळ माहीत नसलेल्यांसाठी: एकजण डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर देतो. बाकीचे जीपीएसच्या मदतीने तो शोधतात, आतल्या कागदावर सही करतात आणि होता तसा ठेवून देतात.) मला हुशारी दाखवायची होती. लोखंडी बाकाच्या खालच्या पट्टीला करंगळीच्या नखाएवढा चुंबकाचा नॅनो (म्हणजे अगदी चिमुकली डबी) चिकटवला. नऊ जणांनी 'सापडला नाही' असं लिहिलं, एकालाच मिळाला. झाडाखाली जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतं, त्यामुळे लोकांनी बाक सोडून शेजारचा दगडी बांध उसकटला. शेवटी नॅनो काढला आणि थोडं पुढे, जिथून अख्खं शहर दिसतं तिथे, जेवणाच्या डब्याएवढा डबा ठेवला. आता लोक वहीत दोन ओळी लिहितात, कुणी सूर्योदयाचं, कुणी सोबत नेलेल्या चहाचं. माझं मत ठाम झालंय. जागा दाखवायची, आपली अक्कल नाही.

कोडेबाज:
साफ असहमत. डबा समोरच दिसणार असेल तर फिरायलाच जा ना, जीपीएस कशाला? अवघडपणाला १ ते ५ गुण उगाच नाहीत ठेवलेले. तुमच्या त्या नॅनोला तुम्ही १.५ दिले होते, द्यायला हवे होते ४. लोक चिडले ते चुकीच्या पाटीमुळे.

टेकडीवेडा:
१.५ चं मान्य. पण ४ लिहिले असते तर बांध वाचला असता का?

बव्हेरियाकर:
म्युनिकजवळच्या जंगलांत मी बरेच शोधलेत. अवघड वेगळं आणि छळ वेगळा. पानांच्या ढिगात काळी डबी टाकून देणं हा छळ. एकदा पक्ष्याचं लाकडी घरटं होतं, छप्पर सरकवलं की आत वही. त्याच्यासमोर वीस मिनिटं उभा होतो आणि सापडल्यावर स्वतःलाच हसलो. असं हसू येत असेल तर कितीही अवघड ठेवा.

लोकलकर:
मला दोघांचंही पटत नाही. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' हे आपण रोज स्टेशनवर ऐकतो, आणि ते का ऐकवतात हे ११ जुलै २००६ नंतर मुंबईकराला सांगावं लागत नाही. बाकाखाली वाकून काहीतरी चाचपणारा माणूस इथे पाच मिनिटांत गर्दी जमवतो. त्यामुळे पारदर्शक डबा, वर मराठीत ठळक 'हा खेळ आहे' आणि जागामालकाची परवानगी. स्टेशन, पूल, देऊळ यांच्या वाऱ्यालाही जायचं नाही.

आणि सह्याद्रीत दगडाखाली, कपारीत तर मुळीच ठेवू नका. न दिसणाऱ्या जागी हात घातला की आधी विंचू सापडतो.

कोडेबाज:
विंचवाचं शंभर टक्के मान्य. पण खेळातली गंमत काढून घेऊ नका हो. पहिल्या कॅशपासून शोधाशोध आहेच.

बव्हेरियाकर:
पहिला कॅश म्हणजे चक्क बादली होती! अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला काढली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनच्या रानात ती ठेवली. अर्धवट पुरलेली, आत बीन्सचा डबा. आज पुरायलाही बंदी आणि खाण्याचे पदार्थ ठेवायलाही. साइटच्या तपासनिसाने पहिलाच कॅश नापास केला असता.

पावसाळी:
तात्त्विक वाद चालू द्या, पण डबा कोरडा ठेवा. फिल्मच्या रोलची डबी जुलैत टिकत नाही. वहीचा लगदा होतो आणि वास सुटतो तो वेगळाच. चारही बाजूंनी क्लिपा आणि झाकणाला रबर असलेला डबा घ्या, वही झिपच्या पिशवीत, सोबत पेन्सिल. पेनची शाई पसरते. आणि दिवाळीत एकदा तरी जाऊन बघून या. लपवला की संपलं, असं वाटणाऱ्यांनी हा उद्योग करूच नये.

कोडेबाज:
एक कबुली. त्या नॅनोवरची एकमेव सही माझी आहे. तीन रविवार घालवले. तुमचा नवा डबा पोहोचताक्षणी मिळाला, सही केली, उतरलो. वरून काय दिसलं ते आठवतही नाही. तो बाक मात्र पट्टीनपट्टी पाठ आहे.

टेकडीवेडा:
तीन रविवार? मग तो बांध तुम्हीच उसकटलात तर!

कोडेबाज:
अर्धाच. उरलेला आधीच पडला होता.