लॅपटॉपमधून फट्ट आवाज येतो, तोही समेवर

काळीचार_मिरज

नमस्कार मंडळी. मी गाणं शिकवते, त्यामुळे तांत्रिक भाषेत कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा तानपुरा जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून नाद खुलवायला, दिलाय. भोपळ्यालाही बारीक चीर गेलेली निघाली, म्हणजे दोन-अडीच आठवड्यांची निश्चिंती. मिरजेत राहून लॅपटॉपवरचा तानपुरा लावायची वेळ आली, हसू नका. सकाळी साडेसहाला परदेशातल्या मुलींचा ऑनलाइन वर्ग असतो आणि संध्याकाळी घरी सहा-सात मुलं येतात. काळी चार ही माझी पट्टी, पंचमाचा तानपुरा, लॅपटॉपला जोडलेला छोटा स्पीकर.

तर हा तानपुरा मध्येच तडतडतो. फोडणीत मोहरी पडावी तशी आधी बारीक चिरचिर, मग एक मोठा फट्ट. परत सगळं शांत. बातम्या किंवा मालिका बघताना मला हे कधी कळलंच नव्हतं. तिथं कुणीतरी सारखं बोलत असतं. तानपुऱ्यात मात्र लपायला जागाच नाही. षड्ज लावून डोळे मिटले की नेमका फट्ट, आणि पोरं फिदीफिदी हसतात.

लॅपटॉप 2022 चा आहे, विंडोज 11. सांगलीत एका दुकानात दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "महापुरात भिजला होता का?" अहो, महापूर 2019 ला आणि 2021 ला, हा घेतला 2022 ला! मग म्हणाले, स्पीकर फाटलाय, 2,800 रुपये होतील. मी घरी आणला. बाहेरचा स्पीकर काढून ऐकलं, मग कानात इअरफोन घातले, तरी फट्ट आहेच. मग फाटलं काय?

सोल्डरवाला_कराड

ताई, पैसे दिले नाहीत ते बरं केलंत. आतला स्पीकर, बाहेरचा स्पीकर आणि इअरफोन, तिन्हीकडं येतंय म्हणजे स्पीकर निर्दोष.

माझा पहिला संशय चार्जरवर. दोन पिनचा असेल किंवा घरचं अर्थिंग गेलं असेल तर आवाजात घाण येते. चार्जर काढून निव्वळ बॅटरीवर तानपुरा लावा नि बघा.

काळीचार_मिरज

चार्जर तीन पिनचा आहे. काढून पाहिला, फरक नाही.

सोल्डरवाला_कराड

मग अर्थिंग नाही. अर्थिंगचा आवाज सलग असतो, घूंऽऽ असा, आपल्या लाईटच्या 50 हर्ट्झचा. तुम्ही गाणाऱ्या आहात म्हणून सांगतो, तो खर्जातल्या पांढरी पाचच्या जरासा वर बसतो. तो फट्ट करून गप्प बसत नाही.

फॉर्मॅट_मारा_विटा

सरळ फॉर्मॅट मारा. सगळ्याला एकच औषध.

कंदीपेढा_सातारा

विट्याचं औषध शेवटी ठेवू, ताईंच्या दहा वर्षांच्या बंदिशी असतील त्यात.

ताई, आवाज लॅपटॉपमध्ये कसा चालतो ते आधी सांगतो, मग उपाय कळेल. एका सेकंदाच्या आवाजाचे साधारण 48,000 तुकडे असतात. ते एकेक करून जात नाहीत, विंडोज सहसा 10 मिलिसेकंदांचा वाढा एकदम वाढतं, म्हणजे 480 तुकडे. पंगतीत वाढप्याला कुणी दारात बोलत उभं केलं की पान रिकामं राहतं, तसं प्रोसेसरला दुसऱ्या कुणी अडवून धरलं की पुढचा वाढा वेळेत येत नाही. त्या रिकाम्या पानाचा आवाज म्हणजे तुमचा फट्ट. अडवणारा बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर असतो, म्हणजे विंडोजला आतल्या एखाद्या भागाशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्राम. वायफायचा, ग्राफिक्सचा, कुणाचाही.

आधी साधं करून बघा. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. मग वायफाय पाच मिनिटं बंद ठेवून तानपुरा लावा. आणि एक गोष्ट नीट बघून सांगा: फट्ट कधीही येतो की ठरावीक वेळाने? आवाज कसा आहे यापेक्षा कधी येतो यावरून चोर लवकर सापडतो.

काळीचार_मिरज

एन्हान्समेंट्स बंद केलं. तानपुरा जरा कोरडा वाटायला लागला (मला उलट आवडला), पण फट्ट आहे. वायफाय बंद केलं, तरी आहे.

आता "कधी" म्हणालात म्हणून. घड्याळ बघत बसणं मला जमत नाही, पण मात्रा मोजणं हे माझं कामच. त्याच ॲपमधला तबला लावला, तीनताल. लय 70 ला ठेवली तर फट्ट समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, पुढं पुढं सरकत गेला. 60 ला तो समेच्या आधीच यायला लागला. म्हणून लय एकेक करत हलवली. 64 ला आणली आणि काय सांगू, बरोबर धा वर! आवर्तन संपलं की सम आणि फट्ट एकदम. सलग अकरा आवर्तनं मोजली, एकदाही चुकला नाही. माझे विद्यार्थी इतके लयीत असते तर.

कंदीपेढा_सातारा

ताई, सलाम! मिनिटाला 64 मात्रा, म्हणजे 16 मात्रांना बरोबर 15 सेकंद. दर 15 सेकंदांनी कुणीतरी येऊन दार वाजवतंय. सैल वायर असं घड्याळ लावून वाजत नाही.

लॅटन्सीमॉन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते उतरवा. तानपुरा लावून दहा मिनिटं चालू ठेवा आणि ड्रायव्हर्सच्या पानावर सर्वात जास्त वेळ खाल्लेलं नाव सांगा.

काळीचार_मिरज

सर्वात वर "एसीपीआय डॉट सिस", 6 मिलिसेकंदांच्या वर. बाकी सगळे एकच्या आत. हा कोण?

कंदीपेढा_सातारा

हाच. पंख्याचा वेग, तापमान, झाकण उघडं की मिटलेलं, बॅटरी किती उरली, असली घरगुती चौकशी विंडोज याच्यामार्फत करतं. तुमच्या लॅपटॉपमध्ये बॅटरीची चौकशी दर 15 सेकंदांनी होत असणार, आणि कंपनीच्या बायोसमध्ये (लॅपटॉपमध्ये विंडोजच्याही खाली चालणारा कंपनीचा मूळ प्रोग्राम) ते काम रेंगाळत असणार.

खात्री करायला: डिव्हाइस मॅनेजर, त्यात बॅटरीज, त्यात "मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी". त्यावर उजवं बटण दाबून डिसेबल करा. डिसेबल म्हणतोय, अनइन्स्टॉल नाही. फट्ट गेला तर चोर सापडला. पण हे फक्त तपासण्यापुरतं! झालं की लगेच परत चालू करा, कारण बॅटरीचा आकडा दिसायचा बंद होतो.

काळीचार_मिरज

गेला!!! वीस मिनिटं तानपुरा लावून बसले. एकही नाही. मारव्याचा रिषभ लावला आणि तो स्वच्छ ऐकू आला हो. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

कंदीपेढा_सातारा

छान. परत चालू केलंत ना ते?

सोल्डरवाला_कराड

गप्प आहेत म्हणजे नाही केलं.

काळीचार_मिरज

नाही केलं. इतकी शांतता मिळाल्यावर कोण परत चालू करेल? आणि त्याचं फळही मिळालं.

आज सकाळी वर्ग सुरू झाला आणि पावणेसातला लाईट गेली. आमच्याकडं हे नवीन नाही, लॅपटॉप बॅटरीवर चालतोच, म्हणून मी निवांत. एरवी कोपऱ्यात लाल चिन्ह येतं, "चार्जर लावा" म्हणतो. आज तो काहीच म्हणाला नाही. म्हणणार कशाला, त्याला बॅटरी आहे हेच आम्ही कळू दिलं नव्हतं. भैरवची आलापी, कोमल धैवतावर आंदोलन चाललेलं, आणि पडदा काळा. नंतर एका मुलीच्या आईचा मेसेज आला: "बाई, धैवतावरच राहिलोय, पंचमावर कधी यायचं?"

तेव्हा कंदीपेढाभाऊ, तुमचं ऐकलं नाही, कान पकडते. आता पक्का उपाय सांगा.

कंदीपेढा_सातारा

राहू द्या हो, मीही माझ्या लॅपटॉपवर आठवडाभर तसंच ठेवलं होतं, म्हणून तर एवढं बजावत होतो.

पक्का उपाय बायोस अपडेट. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जा, पाठीमागचा मॉडेल नंबर अक्षरनअक्षर जुळवा, नवा बायोस आणि चिपसेट ड्रायव्हर तिथूनच घ्या, दुसरीकडून कुठूनही नको. बायोस घालण्याआधी बॅटरी परत एनेबल करा, पूर्ण चार्ज करा, चार्जर लावलेलाच ठेवा. मध्ये लाईट गेली तरी बॅटरीने निभावेल. अपडेट चालू असताना बटण दाबायचं नाही, झाकण मिटायचं नाही, पडदा काळा झाला तरी हात लावायचा नाही. आणि वर्गाच्या आधी अर्ध्या तासात हे काम काढू नका.

काळीचार_मिरज

रविवारी दुपारी केलं. भाच्याला शेजारी बसवलं होतं. मध्ये पडदा दोनदा काळा झाला, तो बटणाकडं हात नेत होता, त्याच्या हातावर चापट मारली.

बॅटरी चालू आहे, आकडा दिसतोय, 64 च्या लयीत पंचवीस आवर्तनं मोजली, फट्ट नाही. लॅटन्सीमॉनमध्ये एसीपीआयवाला खाली उतरलाय, एकच्या आत. काल रात्री एकदा बारीकशी चिरचिर आली, पण तेव्हा भाचा त्याच लॅपटॉपवर काहीतरी उतरवत होता, ते मी माफ केलं.

नवखा_इस्लामपूर

ताई, माझ्या लॅपटॉपवर पण असाच आवाज येतोय, फक्त व्हिडिओ बघताना. मी पण बॅटरी डिसेबल करू का?

काळीचार_मिरज

थांब रे बाळा. किती मात्रांनी येतो ते मोजलंस का?