स्मरणिका मुखपृष्ठ : ईराच्या चित्राचे रंग कुणी बदलले?

नीलिमा, मंगळवार रात्री १०:१२

मंडळी, स्मरणिकेचं प्रूफ आत्ता उघडलं. मुखपृष्ठावर ईराने काढलेल्या हॅरी पॉटरमधल्या पाटील भगिनी, पार्वती आणि पद्मा, चक्क गोऱ्या झाल्या आहेत. तिची मूळ फाइल आणि प्रूफ, दोन्ही जोडते आहे. पद्माचा हात बघा. मूळ चित्रात हिरवा चुडा त्या तपकिरी मनगटावर उठून दिसतो. प्रूफमध्ये मनगट पिठात बुडवल्यासारखं झालंय. शुक्रवारी सकाळी फाइल छापखान्यात जायची आहे म्हणून घाईने लिहिते. मूळ रंग ठेवायचे नसतील तर चित्रच काढून घ्या असं ईरा म्हणते, आणि मी तिच्या बाजूने आहे. हे कुणी केलं?

श्रीरंग, मंगळवार रात्री ११:०५

मी केलं. गेल्या वर्षी लेझीमच्या फोटोंवरून मला सगळ्यांनी ऐकवलं होतं, एकाचाही चेहरा ओळखू येत नव्हता. पडद्यावर रंग उजेडाने दिसतो, कागदावर शाईने. चार शाया एकावर एक बसल्या की तपकिरी रंग मातकट होतो. म्हणून फक्त चेहरे आणि हात निवडून उजळले. जरा जास्त झालं असेल, ते बघतो. पण मुखपृष्ठाचा अंतिम निर्णय स्मरणिका समितीचा, हे वार्षिक सभेत ठरलंय. प्रत्येक चित्र पालकांच्या मंजुरीला पाठवलं तर अंक विसर्जनानंतर निघेल.

मेधाताई, बुधवार सकाळी ६:५०

रंगाचं तुम्ही दोघं बघा. प्रूफमध्ये नथ उजव्या नाकपुडीत गेली आहे! पदरही उजव्या खांद्यावर. मूळ चित्रात दोन्ही बरोबर डावीकडे आहेत, म्हणजे लेकराने नीट बघून काढलंय. मंडळाचं नाव डावीकडे बसावं म्हणून चित्र उलटं फिरवलंत का? नऊवारीचा पदर असा छापला तर प्रत्येक आजी मला फोन करेल. वेशभूषेचं दरवर्षी मी बघते, एकदा विचारायला हवं होतं.

अविनाश, बुधवार दुपारी १२:३०

नीलिमा, चित्र सुंदर आहे, मूळ रंगातच छापावं. पण ईरा यंदा कॉलेजचे अर्ज भरते आहे ना? हेच चित्र पोर्टफोलिओत आणि निबंधातही घालणार असेल तर दोनदा विचार करा. आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही एका सल्लागाराला भरपूर पैसे मोजले. त्यांनी पहिल्याच बैठकीत त्याच्या यादीतून तबला खोडला. 'आणखी एक भारतीय मुलगा' वाटायला नको, म्हणाले. आठ वर्षं तो दर शनिवारी तबल्याला गेला होता.

हे त्या सल्लागाराचं खूळ नव्हतं. २०१४ साली हार्वर्डवर भरलेल्या खटल्यात विद्यापीठाचेच कागद बाहेर आले. अभ्यासात आणि इतर उपक्रमांत आशियाई मुलं वरच्या गुणांची, आणि 'व्यक्तिमत्त्व' नावाच्या रकान्यात मात्र सरासरीने गोऱ्या मुलांच्या मागे. तो रकाना भरत होते प्रवेश कचेरीतले लोक, आणि बहुतेक मुलांना त्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. २०१९ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही असं म्हटलं. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, कृष्णवर्णीयांसारख्या मुलांना वाव मिळावा म्हणून चालणारी, वंश बघून प्रवेश देण्याची पद्धतच बंद केली. पण वाचणारी माणसं तीच आहेत. निबंधात पाटील भगिनी आणि नऊवारी आली की वाचणारा काय समजायचं ते समजणारच.

मृण्मयी, बुधवार संध्याकाळी ५:१५

मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही, पण हे माझ्या फार जवळचं आहे. हॅरी पॉटर वाचताना पाटील आडनाव दिसलं तेव्हा मी कऱ्हाडला आजीला फोन करून सांगितलं होतं. २००५ च्या सिनेमात त्या दोघींना नाचाच्या प्रसंगात जे गुलाबी-नारिंगी कपडे दिले त्यावर चाहते अजून हळहळतात. कितीतरी जणींनी स्वतः नवे कपडे काढून दिलेत, कुणी लेहंगा, कुणी साडी. नऊवारी मी पहिल्यांदा ईराच्या चित्रात पाहिली.

अशी चित्रं मीही काढायचे, म्हणून सांगते. बहुतेक जण त्वचेला एक फिका रंग घेतात आणि सावलीसाठी त्यात करडा मिसळतात. गोऱ्या चेहऱ्यावर ते खपून जातं, सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. मग चित्रकाराला वाटतं की सावळा रंगच अवघड, आणि तो उजळत जातो. ईराने करडा कुठेच वापरलेला नाही. हनुवटीखाली जांभळट, कानाच्या पाळीला लालसर, नाकाच्या शेंड्यावर मधासारखा उजेड. श्रीरंगदादा, तुम्ही निवडून उजळलंत तेव्हा पहिल्यांदा तो लाल गेला. चित्रातला जीव त्या लालात होता.

अविनाशकाका, निबंधाचं म्हणाल तर त्याच २०२३ च्या निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलंय की वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे विद्यार्थी सांगू शकतो, मग तो भेदभाव असो की प्रेरणा. फक्त ते त्याच्या स्वतःच्या गुणांशी जोडलेलं हवं. माझ्याही निबंधातून भारतीयपण काढायला लावलं होतं. उरलेले ६५० शब्द कुणाचेही असू शकले असते. प्रवेश मिळाला, पण तो निबंध मी आईला कधी वाचून दाखवला नाही.

सुहासकाका, बुधवार रात्री ९:४०

मृण्मयी, छान लिहिलंस. अविनाश, तुझी काळजी समजते, पण खटल्याची गोष्ट तू अर्धीच सांगितलीस. मी इथे १९७१ साली आलो ते कोणाच्या जिवावर? १९२३ साली याच सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना 'तुम्ही गोरे नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं आणि मग इतर भारतीयांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला १०० भारतीय. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्याने. कृष्णवर्णीयांनी लाठ्या आणि कुत्रे अंगावर घेऊन नागरी हक्कांची चळवळ केली नसती तर तो कायदा झाला नसता. आता २०२३ नंतरच्या पहिल्या प्रवेशांत एमआयटीत आशियाई मुलं ४७ टक्के झाली आणि कृष्णवर्णीय मुलं आधीच्या १३ वरून ५ टक्क्यांवर आली. हा आकडा वाचून मला आनंद झाला नाही.

रंगाचं म्हणाल तर हे आपण देशातूनच घेऊन आलो. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला मंडळी यायची असली की आई चार दिवस आधीपासून तिच्या गालांना साय-हळद चोळायची. ती पुढे मुख्याध्यापिका झाली, पण फोटो काढताना अजून खिडकीकडे तोंड करून उभी राहते. 'सावळे सुंदर रूप मनोहर' दर आषाढीला म्हणणारे आपण. ईराच्या पोरींना हात लावू नका.

अविनाश, बुधवार रात्री ११:२०

काका, त्याच वर्षी प्रिन्स्टनमध्ये आशियाई मुलं २६ वरून २३.८ टक्क्यांवर आली, तेव्हा एका कॉलेजवरून सरसकट म्हणता येणार नाही. कृष्णवर्णीय मुलांच्या जागा जाव्यात असं मी कधीच म्हटलेलं नाही. व्यक्तिमत्त्वाचा रकाना आणि त्यांच्या जागा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, खटल्याने ते एकत्र बांधले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारा झुकता हात आधी काढा, त्यावर मी तुमच्याबरोबर सही करेन.

पण मृण्मयीचं ते शेवटचं वाक्य वाचून मला बराच वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडचा तबला गॅरेजमध्ये आहे. मुलगा सुट्टीला येतो तेव्हा त्याकडे बघतही नाही. खोडा म्हटल्यावर मीच मान डोलावली होती. नीलिमा, ईराने निबंधात काय घालायचं ते तिचं तिला ठरवू दे. मी वर लिहिलेला सल्ला मागे घेतो.

श्रीरंग, गुरुवार दुपारी ३:०५

आज जेवणाच्या सुट्टीत छापखान्यात जाऊन मूळ फाइलच्या तीन पट्ट्या छापून घेतल्या. एक जशीच्या तशी, एक माझी उजळलेली, एक मृण्मयीचं वाचून केलेली. तिसरीत त्वचेला हात लावला नाही, फक्त मागची गडद निळी भिंत थोडी हलकी केली आणि चकचकीत कागद घेतला. चेहरे आपोआप पुढे आले. माझी पट्टी शेजारी ठेवल्यावर ती आजारी दिसते. ईराची माफी मागायची आहे, ती समोर मागेन. यापुढे चित्राच्या रंगात बदल करायचा असेल तर चित्रकाराला आधी विचारायचं, हे समितीतर्फे लिहून देतो. आज संध्याकाळी ७ वाजता माझ्याकडे या, पट्ट्या उजेडात बघू.

मेधाताई, गुरुवार दुपारी ३:११

नथ डावीकडे आली का?

श्रीरंग, गुरुवार दुपारी ३:१४

आली. पदरही. मंडळाचं नाव उजवीकडे नेलं.

नीलिमा, गुरुवार दुपारी ४:२०

सातला येतो. ईरा तिचा रंगांचा तक्ता घेऊन येते आहे, कानाच्या पाळीचा लाल तिला स्वतः तपासायचाय. मेधाताई, तुम्हीही या, काष्ट्याबद्दल तिला काहीतरी विचारायचं आहे.