देश बदलला की खेळाडू ‘भाडोत्री’? (क्रिस्टा देगुचीच्या निमित्ताने)

शेलारमामा
परवाच्या धाग्यावर, कॅनडाकडून पॅरिस ऑलिंपिकचं (२०२४) ज्युदोतलं सुवर्ण घेतलेल्या क्रिस्टा देगुचीबद्दल, ‘गावठाण’ यांनी एक वाक्य फेकलं आणि त्याला धडाधड अनुमोदनं पडली: "पॅरिसचं देगुचीचं सुवर्ण भाडोत्री आहे. जपानमध्ये डाळ शिजली नाही म्हणून कॅनडाच्या मागल्या दाराने शिरली." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मागलं दार म्हणे! बाप कॅनेडियन, आई जपानी, जन्म नागानोतल्या शिओजिरीचा. तिच्या ५७ किलो वजनगटात तेव्हा जपानकडे कोण होतं ते आठवा. मात्सुमोतो काओरी, लंडनची सुवर्णविजेती. उदाका नाए, २०१४ची जगज्जेती. मागून योशिदा त्सुकासा येत होती. आणि ऑलिंपिकला एका देशाची एका वजनगटात एकच खेळाडू जाते. बापाच्या देशाने विचारलं, ती गेली. तेही फुकट नाही. जपानकडून शेवटचं खेळल्यापासून तीन वर्षं थांबावं लागलं. ऐन उमेदीतली तीन वर्षं, आणि या खेळात गुडघे काही कोणासाठी थांबत नाहीत.

२०१९ची जागतिक स्पर्धा टोकियोत होती, बुदोकानमध्ये. फायनलला समोर गतविजेती योशिदा, स्टेडियम तिच्या बाजूने. देगुचीने तिला हरवलं. ज्युदोतलं कॅनडाचं ते पहिलं जगज्जेतेपद.

आणि त्या दाराने आत गेल्यावर तिथे कोण बसली होती? जेसिका क्लिमकेट. तोच वजनगट, तीही जगातल्या पहिल्या काहींत. २०२१ साली बुडापेस्टला क्लिमकेट जगज्जेती झाली आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीट घेऊन गेली. म्हणजे जी रांग चुकवायला देगुची पळाली म्हणता, तीच रांग कॅनडातही होती. आणि ज्या ऑलिंपिकला ती मुकली ते तिच्या जन्मदेशात झालं. ही कसली सोय?

गावठाण
मामा, एवढं लिहिलंत आणि क्लिमकेटचं नाव स्वतःच काढलंत, आभार. ती मुलगी ऑन्टारिओत वाढली, लहानपणापासून कॅनडासाठीच खेळली, टोकियोत ब्राँझ आणलं. पॅरिसला कुठे होती? घरी. कारण जपानमध्ये राहणारी, जपानमध्ये सराव करणारी, जपानी विद्यापीठाच्या मॅटवर घडलेली एक खेळाडू कॅनडाचं पानाचं चिन्ह लावून आली. क्लिमकेटच्या घरच्यांना जाऊन सांगा ‘बापाचा देश’.

भाडोत्री हा शब्द मी मागे घेत नाही.

टोरांटोकर
इथलं वातावरण सांगतो. पॅरिसपर्यंत माझ्या ऑफिसात देगुची हे नाव कोणी ऐकलं नव्हतं, आणि क्लिमकेटचं तर त्याहून नाही. इथे हिवाळाभर हॉकी आणि उन्हाळाभर हॉकीच्या बदल्यांच्या बातम्या. जिंकल्यावर दोन दिवस सगळ्यांना ती ‘आमची क्रिस्टा’ होती. तेव्हा गावठाण, तुम्हाला जितका राग आलाय तितका इथल्या कोणाला आलेला मला तरी दिसला नाही. बाकी तिची धाकटी बहीण केलीही पॅरिसला कॅनडाकडूनच ५२ किलोत होती. सगळं घरच भाडोत्री म्हणायचं का?

ज्युदोची_आई
तुम्ही सगळे देशाचं बोलताय, फायनल कोणी पाहिली का? २९ जुलै २०२४. दोघींच्या नावावर दोन-दोन शिडो (दंड, तिसरा मिळाला की हार), गोल्डन स्कोअर म्हणजे जादा वेळ चालू, आणि कोरियाच्या हू मिमीला खोट्या हल्ल्याचा तिसरा शिडो. संपलं. ना इप्पॉन, ना वाझा-आरी, डाव टाकून मिळवलेला एकही गुण नाही. दोन महिने आधी अबूधाबीच्या जागतिक फायनलला याच हूने याच देगुचीला हरवलं होतं. जिंकूनही देगुची रडत होती आणि ते रडणं मला आनंदाचं वाटलं नाही. माझी मुलगी राज्य स्पर्धेत अशाच शिडोवर हरलीये, त्यामुळे मला तो पंचाचा हात बघितला की पोटात गोळा येतो. मूल आत शिरायला बघतं, पकड सुटते, गुडघ्यावर पडतं, आणि पंच म्हणतो खोटा हल्ला. खरा-खोटा तुम्हाला कसा कळला हो?

आणि देश बदलण्याबद्दल. मुलगी निवड चाचणी जिंकली, यादीत नाव दुसरीचं लागलं. ती कोणाची कोण ते विचारू नका. शेजारच्या राज्यातले एक प्रशिक्षक म्हणाले, आमच्याकडून खेळवा, कागदपत्रांचं बघून घेऊ. आम्ही नको म्हटलं. राज्याच्या अभिमानाने वगैरे नाही, तिचं दहावीचं वर्ष होतं. नसतं, तर पाठवली असती.

दादरचे_आजोबा
भाडोत्री म्हणायचं तर मग आमचा सौरभ नेत्रावळकर कोण? २०१० साली १९ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घालून नऊ बळी घेतले. २०२४ला अमेरिकेची जर्सी घालून पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली, आणि आठवड्याच्या आत न्यूयॉर्कला कोहलीला पहिल्या चेंडूवर घरी पाठवलं, मागोमाग रोहितलाही. मी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मुंबईने त्याला वाया घालवला. एक रणजी सामना! एक! कांगा लीगमध्ये पावसात चेंडू वळवणारी पोरं आम्ही जन्मभर पाहिली आहेत, त्यातलं कोण पुढे जातं आणि कोण नाही हे मैदानावर ठरत नाही.

अर्धशतक
आजोबा, मान ठेवून सांगतो, मुंबईने वाया वगैरे काही घालवला नाही. डावखुरा मध्यमगती गोलंदाज, वेग बेताचा, समोर झहीर-आगरकरांच्या परंपरेतली रांग. त्याने इंजिनीअरिंग केलं, कॉर्नेलला मास्टर्सला गेला, नोकरी लागली, मग तिथे क्रिकेट मिळालं. तो क्रिकेटसाठी देश सोडून गेला नाही. गेला आणि क्रिकेट सापडलं. देगुची नेमकी उलटी आहे.

दादरचे_आजोबा
बेताचा वेग! कोहलीला विचारा.

अर्धशतक
एका चेंडूवर निवड समिती चालवायची का आता?

दादरचे_आजोबा
निवड समित्या कशावर चालतात ते मला नका सांगू. मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून तुमच्यापेक्षा जास्त निवडी पाहिल्या आहेत.

तासगावकर
झालं. ज्युदोच्या धाग्यावर पण क्रिकेट. एक दिवस तरी बाकीच्या खेळांना श्वास घेऊ द्या.

आमच्या मावसबहिणीचं सांगतो. कबड्डी. शाळेपासून महाराष्ट्राकडून खेळली. मग रेल्वेत नोकरी लागली. आता राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ वेगळा उतरतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ती महाराष्ट्राच्याच पोरींविरुद्ध चढाई करायला लागली. गावात तिचा सत्कार झाला तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, ‘महाराष्ट्राची वाघीण’. खाली फोटो रेल्वेच्या जर्सीतला. फ्लेक्सवाल्याने छातीवरचं नाव पुसायचा प्रयत्न केलेला, त्यामुळे तिथे नुसता निळा ढग दिसत होता. कोणाला काही वाटलं नाही. पगार येतो, घर चालतं. तिला भाडोत्री म्हणणारा माणूस माझ्या समोर येऊन म्हणू दे.

गावठाण
तासगावकर, धमक्या देऊ नका. रेल्वे हा देश नाही. राष्ट्रगीत कोणतं वाजणार ते बदलत नाही.

तासगावकर
धमकी कुठे दिली? या म्हटलं. चहा पाजतो.

शेलारमामा
बरं, राष्ट्रगीतावर या. देगुची बुदोकानमध्ये जिंकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच मॅटवर, इराणचा सईद मोलाई ८१ किलोत उतरला. २०१८चा जगज्जेता. त्याला वरून दबाव आला, हर, म्हणजे फायनलला इस्रायलच्या सागी मुकीसमोर उभं राहावं लागणार नाही. उपांत्य फेरीत तो बेल्जियमच्या कासकडून हरला, मुकी सुवर्ण घेऊन गेला, मोलाई इराणला परतलाच नाही. जर्मनी, मग मंगोलियाचं नागरिकत्व, आणि टोकियो ऑलिंपिकला मंगोलियासाठी रौप्य. मंगोलियाचं राष्ट्रगीत त्याला पाठ होतं का मला माहीत नाही. तोही भाडोत्री?

गावठाण
मोलाई तुमच्या खात्यात जमा. जीवावर बेतलेल्या माणसाला मी भाडोत्री म्हणणार नाही, एवढा दगड नाही. पण मग तोच मोलाई मंगोलिया सोडून २०२२ला अझरबैजानकडे गेला तेव्हा कोणी बंदूक लावली होती? एकदा दार उघडलं की माणूस चांगला भाव शोधतो. माझं म्हणणं तेच आहे.

आणि हू मिमीचं बघा. टोकियोत जन्मली, तीही जपानी मॅटवरच घडली. आजीची शेवटची इच्छा होती की कोरियासाठी खेळ, म्हणून कोरियाकडे आली आणि जपानी नागरिकत्व सोडलं. तिचा पूर्वज जपान्यांविरुद्ध लढलेला निघाला. पॅरिसहून परतल्यावर पदक घेऊन त्याच्या स्मारकावर गेली. याला म्हणतात देश निवडणं.

शेलारमामा
म्हणजे आजीने सांगितलं तर देशप्रेम आणि बापाकडून मिळालं तर भाडं! नियमावली छापून घ्या, गावठाण.

इप्पॉन_सान
दोघांनाही एक आठवण. पॅरिसला ५७ किलोत पदक घेतलेल्या चौघी: देगुची, हू, ब्राँझला फुनाकुबो हारुका आणि फ्रान्सची सिझिक. चारांतल्या तिघी जपानी ज्युदोत घडलेल्या, जर्सी तीन देशांच्या. जपानला ब्राँझ. रडायचंच तर जपानने रडायला हवं, आणि तिथे कोणी देगुचीला शिव्या घालत नाही, कारण पुढची पोर तयार आहे. आपल्याकडे ज्युदोत टोकियोला एकटी सुशीला देवी, पॅरिसला एकटी तुलिका मान. आपल्याला रांगच नाही, रांग मोडल्याचा राग कसला?

ज्युदोची_आई
रांग नाही कशी? पुण्याच्या निवड चाचणीला या, मग दाखवते रांग. वजनाला पहाटेपासून उभ्या असतात मुली. रांग आहे हो, पुढे खिडकी बंद आहे.

टोरांटोकर
आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही, हे कोणी लक्षात घेणार का? ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) भारताकडून खेळता येत नाही. फुटबॉलपटू इझुमी अराता आठवतोय का? महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. बाप भारतीय, आई जपानी. भारताकडून फुटबॉल खेळायला जपानी पासपोर्ट सोडून दिला. गावठाण, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात?

गावठाण
इझुमीला मी बालेवाडीत जाऊन टाळ्या वाजवल्या आहेत. त्याने पासपोर्ट सोडला, हा फरक. ठीक आहे, चला, देगुचीला ‘भाडोत्री’ऐवजी ‘भाडेकरू’ म्हणतो. झालं समाधान? क्लिमकेटचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.

शेलारमामा
क्लिमकेटचं उत्तर क्लिमकेटनेच २०२१ला दिलं होतं. तेव्हा देगुची घरी बसली, २०२४ला ती. हिशोब तुम्हाला एकाच बाजूने येतो.

दादरचे_आजोबा
ते सगळं असू दे. एकच रणजी सामना का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.