उत्कृष्ट छात्राध्यापक पुरस्कार: फाईल बघून कसला देताय?

खडूवाली
परवा एका ओळखीच्यांनी लिहिलं होतं की विद्यापीठाने दरवर्षी पदवीदान समारंभात बीएडच्या एका विद्यार्थ्याला 'उत्कृष्ट छात्राध्यापक' म्हणून गौरवावं, कॉलेजांनी नावं पाठवायची, समितीने त्यांच्या पाठांच्या फाईली बघून निवड करायची, म्हणजे पोरांना हुरूप येईल. खाली सगळे छान छान म्हणत होते. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

फाईली बघून? शिकवणं फाईलीत कुठे दिसतं हो? मी माध्यमिकला गणित शिकवते, दरवर्षी आमच्याकडे आंतरवासितेला, म्हणजे बीएडच्या शाळेतल्या सरावाला, मुलं-मुली येतात. कॉलेजचे सर पाठ बघायला येणार त्या दिवशी तक्ता, प्रतिकृती, रंगीत खडू, सगळं तयार, आणि पहिल्या बाकावरच्या पोरांना उत्तरं आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली. सर मागे दहा मिनिटं बसतात, निरीक्षण वहीत 'फलकलेखन सुवाच्य, आवाजात चढउतार हवा' लिहितात, सही करतात आणि पुढच्या वर्गावर जातात.

मागे एक मुलगी आली होती. आठवीला बैजिक राशींचे अवयव घेत होती. आवाज बारीक, तक्ता वाकडा. पण अर्ध्या वर्गाला पाढेच येत नाहीत म्हणून अवयव अडतात, हे तिने आल्या आल्या ओळखलं, आम्हाला ते कळेपर्यंत दिवाळी येते. मधल्या सुट्टीत ती त्या पोरांना घेऊन व्हरांड्यात बसायची, कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या वहीत लाल शेरा काय, तर 'टाचण अपूर्ण', म्हणजे पाठाचं लेखी नियोजन अर्धवट. हिचं नाव कुठलं कॉलेज पाठवणार? पुरस्काराला माझा विरोध नाही, पण ज्याने तिला रोज वर्गात पाहिलं त्याला कोणी विचारणारच नसेल तर तो पुरस्कार टाचणाचा आहे, शिकवण्याचा नाही.

वऱ्हाडी प्राध्यापक
असहमत. मॅडम, मी बीएडला शिकवतो म्हणून हे मनाला लागलं. आज आमच्याकडे बीएडचं सुवर्णपदक कोणाला जातं? लेखी पेपरात पहिला येतो त्याला. चाळीस पोरांसमोर उभं राहता येतं का हे त्या पदकासाठी कोणी विचारत नाही. कोणीतरी पहिल्यांदा म्हणतंय की वर्गातल्या कामाचं कौतुक करा, आणि तुम्ही त्यालाच हाणताय.

आणि दहा मिनिटांचं म्हणाल तर, आमच्या प्राध्यापकांच्या निम्म्या जागा रिकाम्या आहेत, मी स्वतः तासिका तत्त्वावर आहे, पाच शाळांत वाटलेली पोरं मी माझ्या गाडीत पेट्रोल टाकून बघत फिरतो. पूर्ण तास बसायची मला हौस नाही असं वाटतं का तुम्हाला?

बीएड सेम ४
मी सध्या आंतरवासितेतच आहे म्हणून बोलते. पुरस्कार नंतर द्या, आधी आम्हाला शिकवू तरी द्या. शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं, त्यात २० आठवडे शाळेत, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. ऐकायला मस्त. प्रत्यक्षात मी माझ्या पद्धतीचे, म्हणजे माझ्या विषयाचे, तास कमी आणि शिक्षक नसलेल्या वर्गांचे ऑफ तास जास्त सांभाळते. सकाळी स्टाफरूममध्ये गेलं की 'मॅडम आज सहावी ब बघा, नववी क बघा'. शालेय पोषण आहाराच्या नोंदी मी केल्या, पेपर मी तपासले, स्नेहसंमेलनाचे डान्स मी बसवले. ज्यांचा तास असतो त्या बाई तेव्हा ऑनलाइन माहिती भरत बसलेल्या. यातून मी उत्कृष्ट ठरणार कशात?

घाटमाथा
ताई, थोडं शांतपणे. आम्ही काय मजा म्हणून बसतो का ऑनलाइन माहिती भरत? आमच्या शाळेत दोन पदं कधीची रिक्त आहेत, कधी निवडणुकीचं काम, कधी प्रशिक्षण. वर्ग मोकळा सोडला आणि पोरगं पडलं तर जबाबदार मी. तुम्ही आलात की आम्हाला आधार वाटतो, हे मान्य करायला लाज नाही. आणि ऑफ तासालाच खरं वर्गनियंत्रण शिकायला मिळतं. टाचण नाही, तक्ता नाही, पोरं कावलेली, त्यांना धरून ठेवा बघू. आमच्या वेळी बीएड एका वर्षाचं होतं, पाठ मोजून झाले की सुटलो, पुढे नोकरीत पहिली दोन वर्षं पोरांनी आम्हाला नाचवलं.

बीएड सेम ४
आधार वाटतो ना सर, मग आधाराचे पैसे द्या. फी आम्ही भरायची, एसटीचा पास आमचा, शैक्षणिक साधनं आमच्या खर्चाने, आणि रिक्त पद भरून काढायचं आम्हीच. डॉक्टरकीच्या इंटर्नला विद्यावेतन मिळतं, आम्हाला चहा पण विचारून मिळतो.

पुणे ३०
याच्यात अजून एक भर. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिना १०,०००, आणि त्यातले कितीतरी जण झेडपी शाळांतच नेमले. माझा मामेभाऊ त्यात होता, नुसता बीकॉम, शिकवायचं प्रशिक्षण शून्य, तरी तिसरी-चौथीला शिकवत होता. त्याच गावात हायस्कूलला बीएडची पोरं फुकट. आणि शिक्षण चालू आहे म्हणून त्या पोरांना योजनेत घेतही नव्हते. कसला न्याय हा?

घाटमाथा
त्या योजनेतल्या पोरांना कशाला मध्ये आणता, त्यांनी आमच्या वस्त्यांवरच्या एकशिक्षकी शाळा चालवल्यात. मुदत संपल्यावर तीही पोरं रस्त्यावरच आली.

पुणे ३०
पोरांना नाही बोललो, सरकारला बोललो. नीट वाचत जा.

घाटमाथा
नीटच वाचलंय. 'शिकवायचं प्रशिक्षण शून्य' हे सरकारबद्दल होतं का?

पवित्र प्रतीक्षा
तुम्ही सगळे ज्यावर भांडताय त्याने नोकरी लागते का ते सांगा. शिक्षकभरतीची टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, १२० अभियोग्यता आणि ८० बुद्धिमत्ता, दोन तासांत २०० प्रश्न. एक मिनिट शिकवून दाखवायला लागत नाही. २०१७ ला पहिली झाली, दुसरी थेट २०२३ ला, तोवर आमच्या बॅचमधली पोरं कोणी दुकानात, कोणी क्लासमध्ये चिकटली. विद्यापीठाने पुरस्कार दिला तर भरतीच्या पवित्र पोर्टलवर त्याला गुण किती? शून्य. माझ्या मैत्रिणीला कॉलेजात 'आदर्श छात्राध्यापिका' मिळालं होतं, आज ती पतसंस्थेत कलेक्शन करते. आणि लागलीच नोकरी तर आधी तीन वर्षं मानधनावरचा शिक्षणसेवक, माध्यमिकला महिना १८,०००. २०२३ च्या आधी तर ८,००० होते.

वऱ्हाडी प्राध्यापक
खासगी संस्थांच्या जागांना पोर्टलवर 'मुलाखतीसह' पर्याय असतो की, तिथे पाठ घ्यायला लावतात.

पवित्र प्रतीक्षा
सर, तिथे पाठाआधी काय विचारतात ते तुम्हालाही माहितीय. मला बोलायला लावू नका.

आईपण मास्तरीणपण
सगळं वाचलं. एक कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते, नॉन-अटेंडिंग, म्हणजे कॉलेजात न जाताच केलेलं बीएड. नियमात हजेरी ८० टक्के, आंतरवासितेला तर ९० टक्के. माझ्या जाऊबाईंनी बीएड केलं ते नोकरी सांभाळून, कॉलेजात फक्त परीक्षेला, पाठाची फाईल विकत, शाळेचा शिक्का कॉलेजने आणून दिलेला. अंतर्गत गुण मात्र नव्वदीत. आता समितीसमोर त्यांची फाईल आणि खडूवालींच्या त्या मुलीची फाईल शेजारी ठेवा, कोण जिंकेल? पैसे देऊन लिहून घेतलेलं टाचण कधी अपूर्ण नसतं.

वऱ्हाडी प्राध्यापक
सगळी कॉलेजं तशी नसतात. आम्ही हजेरीवरून पोरांना परीक्षेला बसू दिलं नाही म्हणून संस्थेच्या शिव्या खाल्ल्यात आणि पुढच्या वर्षी प्रवेश घटले. अध्यापक शिक्षणाचा बाजार झालाय हे काही नवीन नाही, शिक्षक-शिक्षणाची तपासणी करणारा न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमायची वेळ महाराष्ट्रातल्या डीएड कॉलेजांच्या कोर्टकज्ज्यातूनच आली होती, २०१२ चा अहवाल आहे. पण म्हणूनच म्हणतो, जो प्रामाणिकपणे शिकवतो त्याला कुठेतरी वेगळं काढून दाखवायला नको का? तुम्ही सगळे मिळून त्याला सांगताय की बाबा, सगळंच सडलंय, तू पण फाईल विकत घे.

बीएड सेम ४
सर, हे मात्र पटलं. माझ्या वर्गात अशी दोघं आहेत की ज्यांना कोणीतरी जाहीरपणे चांगलं म्हणायला हवं. पण विद्यावेतनाचा मुद्दा मी सोडत नाहीये.

खडूवाली
वऱ्हाडी सर, बरं, द्या पुरस्कार. माझ्या अटी लिहून घ्या. एक, निवड समितीने न कळवता शाळेत यायचं, आणि सहावा-सातवा तास बघायचा, पहिला नाही. दोन, टाचणाला गुण ठेवा पण निम्म्याच्या वर नको. तीन, वर्गातल्या मुलांना चिठ्ठीवर लिहू द्या की यांनी काय शिकवलं ते समजलं का, आठवी-नववीची पोरं खरं लिहितात, आपल्यापेक्षा खरं. चार, मार्गदर्शक शिक्षकाचा अभिप्राय बंद पाकिटात थेट विद्यापीठाकडे जाऊ द्या, कॉलेजमार्फत नको.

घाटमाथा
पहिल्या तीन मान्य. ऑफ तास पण धरा त्यात.

वऱ्हाडी प्राध्यापक
चौथीला माझा विरोध. मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय पाकीट गेलं तर शाळा बिथरतात, पुढच्या वर्षी आमची पोरं घेत नाहीत. दरवर्षी शाळा मिळवायला आम्ही कशा विनवण्या करतो ते तुम्हाला माहिती नाही. आणि शाळेतल्या एखाद्या मास्तरचं त्या पोराशी पटलं नाही तर? त्या पाकिटात काय लिहिलंय ते पोराला कोण सांगणार?

खडूवाली
मग प्रत त्या विद्यार्थ्यालाही द्या. पण मुख्याध्यापकांची सही नको. त्यांच्या टेबलावरून गेलं की 'टाचण अपूर्ण' वालीचं नाव तिथेच गळणार, आमच्याकडे गळलं होतं.

वऱ्हाडी प्राध्यापक
प्रत देणार असाल तर कोणता मास्तर खरं लिहील, सांगा मला.

खडूवाली
मी लिहीन. दरवर्षी लिहीन.