कबड्डी-खो-खोची पोरं रग्बीला घेतोय, नियम कुठून आणि कसे सुरू करू? सल्ला हवाय

पीटीसर_मिरज
नमस्कार मंडळी. मिरजेजवळच्या शाळेत पीटी शिकवतो. यंदा पाचवी ते सातवीची पोरं-पोरी घेऊन रग्बी सुरू केलंय, बहुतेक कबड्डी नाहीतर खो-खोवाले, त्यामुळे चपळ आहेत, दम आहे, पण मॅच लावली की सगळा घोळका बॉलमागे आणि दोन दांडगी पोरं बॉल बगलेत मारून सुसाट सुटतात, बाकीच्यांच्या हाताला बॉल लागतच नाही. मैदान मुरमाचं आहे, पडलं की गुडघा सोलवटतो, आणि टॅकल (बॉलवाल्याला धरून खाली पाडणं) म्हटलं की पालक दचकतात. नियम कसे बदलू म्हणजे सगळ्यांना स्किल येईल? टॅकल कधी आणायचा, टीम कितीची लावायची? ज्यांनी प्रत्यक्ष मुलांना खेळवलंय त्यांनी सांगा प्लीज.

लेस्टरची_आई
सर, माझा मुलगा इथे इंग्लंडमध्ये आठ वर्षांखालच्या गटात खेळतो आणि रविवारी सकाळी मी क्लबात मदतीला असते, त्यामुळे रोजचं बघितलेलं सांगते. तो घोळका होऊ नये म्हणूनच इथे वयाप्रमाणे नियम चढत जातात. सातखाली ४-४ जण, आठखाली ६-६, आणि या दोन्ही गटांत फक्त टॅग, म्हणजे कमरेची फीत ओढली की धरलं असं समजायचं, टॅकल नाहीच. नऊखाली ७-७, तिथे टॅकल येतो. मग दहाखाली ८, अकराखाली ९, बाराखाली १२, तेराखाली १३, आणि पूर्ण १५ची टीम थेट चौदाखाली. म्हणजे सात-आठ वर्षं घेतात हो ही लोकं, एकेक गोष्ट आत सोडायला! सुरुवातीला किकसुद्धा मारू देत नाहीत, कारण किक मिळाली की मूल पास द्यायचं सोडून लाथच मारतं.
बॉल कुठला वापरताय? लहानांना ३ नंबर, दहाखालपासून ४, मोठ्यांचा ५ नंबर पंधराखाली येतो. तुमच्या पोरांच्या हातात ५ नंबर असेल तर आधी तो बदला. लहान पंजात मावत नाही म्हणून छातीशी कवटाळतात आणि मग पास देणार कसा?
अजून एक, मला सगळ्यात आवडलेला नियम: टीममधल्या प्रत्येक मुलाने निदान अर्धी मॅच खेळलीच पाहिजे. बेंचवर बसून कोणी शिकत नाही.

तांबडी_माती
मला हे एवढं जपून जपून खेळवणं पटत नाही. ही पोरं कबड्डीची आहेत, रोज मांडी धरतात, घोटा धरतात, अंगावर घेतात. दोन वर्षं नुसती फडकी ओढायला लावली तर अंगातली रग जाईल आणि पुढे टॅकल आला की घाबरतील. मी स्वतः कबड्डीतून रग्बीत आलो, पहिल्या आठवड्यापासून टॅकल केलाय, काही झालं नाही. उलट खाली वाकून कंबर धरायची सवय आधीपासून होती म्हणून निभावलं.

वाइड_पास_पुणे
दादा, खाली वाकायची सवय हा फायदा आहेच, त्यात वाद नाही. पण कबड्डीत रेडर बचावाच्या समोर जवळजवळ जागेवर असतो, आणि धरायला चार-पाच जण साखळीनं येतात. रग्बीत समोरचा फुल स्पीडने येतो आणि धरणारा एकटा. त्या क्षणी डोकं कुठे ठेवायचं हे कबड्डी शिकवत नाही, आणि डोकं चुकीच्या बाजूला गेलं, म्हणजे पळणाऱ्याच्या पुढ्यात आलं, की गुडघा सरळ कानशिलात. म्हणून टॅकल आणायचाच, पण पायऱ्यांनी. आधी दोघं गुडघ्यावर बसून, धरणाऱ्याचा गाल समोरच्याच्या मागच्या बाजूला चिकटलेला, दोन्ही हात घट्ट वळलेले. मग धरणारा गुडघ्यावर आणि समोरचा चालत, मग दोघं चालत, मग हळू जॉग. मॅचमध्ये आणाल तेव्हासुद्धा सुरुवातीला एकाला एकानेच धरायचं, कबड्डीसारखी साखळी नाही, आणि जर्सी धरून गरागरा फिरवणं पूर्ण बंद.
सर, मुरमावर मात्र टॅकल शिकवूच नका. तुमच्या भागात तालमी आहेत ना, कुणाला विनंती करून हौदातल्या मातीत हे शिकवा. उकरलेल्या मातीत पडायची भीती जाते आणि पालकांनाही बघायला बोलावता येतं.
आता खरा मुद्दा, तुमची ती दोन दांडगी पोरं. त्यांना ओरडून काही होत नाही, नियमच असा करा की पास दिल्याशिवाय भागणार नाही. मी हे करतो: मैदान रुंद जास्त, लांब कमी. टीम ४-४ नाहीतर ५-५, टॅगवर. ज्यानं टॅग काढला त्यानं तो परत दिला की पळत जाऊन आपल्या ट्रायलाइनला (मैदानाच्या आपल्या टोकाची रेषा) पाय लावून यायचं, मगच पुन्हा खेळात. ज्याचा टॅग निघाला त्यानं तीन सेकंदांत पास द्यायचा. काय होतं बघा, टॅग निघाल्या निघाल्या बचावात एक माणूस कमी, समोर कुठेतरी भोक पडलेलं असतं, आणि पास घेणाऱ्या पोराला ते शोधावं लागतं. पहिल्या दिवशी कोणालाच दिसत नाही. हळूहळू एखादी खो-खोवाली पोरगी बॉल यायच्या आधीच त्या भोकाकडे धावायला लागते आणि मग बाकीचे तिचं बघून शिकतात. खो-खोच्या पोरांना रिकामी जागा फार पटकन कळते हा माझा अनुभव आहे.
आणि एकानं ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला, की टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी ट्राय केल्याशिवाय त्याला परत करता येणार नाही. दांडगी पोरं आपोआप शेवटचा पास द्यायला शिकतात.

ऑकलंडकर
न्यूझीलंडमधून लिहितोय. इथेसुद्धा सगळ्यात छोटी पोरं रिपा खेळतात, म्हणजे आपलं टॅगच, कमरेला पट्टा आणि दोन बाजूंना दोन फीत. ज्या देशात रग्बी रक्तात आहे तिथेच लहानांना आधी टॅकलशिवाय खेळवतात, यातच उत्तर आलं असं मला वाटतं. हवाहवासा वाटणारा दुसरा प्रकार म्हणजे ऑकलंडमध्ये वयाबरोबर वजनाचेही गट असतात. बारा वर्षांचं एक पोर तीस किलोचं आणि दुसरं साठचं असू शकतं, त्यांना समोरासमोर टॅकलला उभं करणं बरोबर नाही. सर, टॅकल सुरू कराल तेव्हा इयत्ता बघू नका, वजन-उंची बघून जोड्या लावा. कुस्तीवाल्यांना हे सांगायची गरज नाही.

तांबडी_माती
वजनाचं एकदम मान्य. डोक्याच्या बाजूचंही बरोबर आहे, कबड्डीत तो विचारच येत नाही. पण माझं म्हणणं एवढंच की टॅग आणि मातीतला टॅकल एकत्र चालू द्या, मॅच टॅगची आणि आठवड्यातून एक दिवस हौद. टॅकल कधीतरी पुढच्या वर्षी म्हणून ठेवू नका, सातवीची पोरं तोवर शाळा सोडून जातील.

वाइड_पास_पुणे
हे बेस्ट आहे. असंच करा सर.

पीटीसर_मिरज
खूप आभार सगळ्यांचे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. बॉल ५ नंबरचाच आहे, बदलतो. तीन शंका. टॅगचे पट्टे विकत घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत. पास मागेच द्यायचा हा नियम सुरुवातीला सोडावा का, कारण सगळी पोरं पुढेच फेकतात. आणि पुढे सेव्हन्सच्या (सात-सात जणांची रग्बी) टुर्नामेंटला न्यायचं आहे, तिथे स्क्रम (दोन्ही टीमचे खेळाडू वाकून, बांधून एकमेकांना भिडतात तो) लागेल, त्याचं काय?

वाइड_पास_पुणे
पट्टे नकोतच. जुन्या साडीच्या फिती कापा, हातभर लांब, शॉर्टच्या इलॅस्टिकमध्ये दोन्ही बाजूंना खोचायच्या, बांधायच्या अजिबात नाहीत. टीशर्ट आत. दोन टीमना दोन रंग.
पुढे पास मात्र कधीच चालवू नका, एक दिवससुद्धा नाही. ती सवय लागली की मोडताना जीव जातो. बाजूला सरळ दिला तर चालवा, पुढे गेला की बॉल समोरच्या टीमला. पोरं पुढे फेकतात कारण साथीदार पुढे पळालेला असतो, म्हणून बॉलवाल्याला नाही, साथीदाराला ओरडा: मागे राहा!
स्क्रम सेव्हन्समध्ये ३-३ जणांचाच असतो. आधी ढकलाढकली नाही, नुसतं नीट वाकणं, पाठ सपाट, मान सरळ, बांधणी घट्ट. १९ वर्षांखालच्या खेळातसुद्धा दीड मीटरच्या पुढे ढकलायला बंदी आहे, मग आपली तर पोरं लहान.

लेस्टरची_आई
आणि डोक्याला मार बसल्याची शंका जरी आली तरी मूल त्या दिवशी परत मैदानात नाही, "सर मी ठीक आहे" म्हणालं तरी नाही. डॉक्टरला दाखवायचं. हे पालकांना पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा, निम्मी भीती तिथेच जाते. वर्ल्ड रग्बीचा ऑनलाइन सेफ्टी कोर्स फुकट आहे, तुम्ही करून ठेवा.

पीटीसर_मिरज
करतो ताई. टॅगला मुलं-मुली एकत्र ठेवू ना?

लेस्टरची_आई
हो, बिनधास्त, इथे छोटे एकत्रच खेळतात. फक्त एक पहिल्या दिवसापासून पाळा: काढलेला टॅग वर धरून "टॅग" असं मोठ्याने ओरडायचं आणि मग ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. जमिनीवर फेकला तर पेनल्टी.