विनफील्ड स्कॉट वकील होता ना? मग अमेरिकन सैन्याचं ट्रेनिंग त्याने कसं काय सुधारलं?

भटक्या_सातारकर
मंडळी, अमेरिकन यादवी युद्धावर वाचतोय, त्यात या स्कॉटचं नाव सारखं येतं. १८६१ ला हा लष्करप्रमुख, पंचाहत्तरीला टेकलेला, घोड्यावर बसणंही जमेना. पण गडी मुळात वकील, वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचं तोंडही विद्यार्थी म्हणून पाहिलेलं नाही. मग कवायत-शिस्त याने आणली असं का म्हणतात?

तोफखाना_अण्णा
वकीलच होता. जन्म १७८६, व्हर्जिनियात पीटर्सबर्गजवळ. १८०७ ला रिचमंडला माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बरवर राजद्रोहाचा खटला चालला तो बघायला हा पठ्ठ्या हजर. १८०८ ला थेट तोफखान्यात कॅप्टन, तेव्हा ओळखीपाळखीवर कमिशन मिळायचं. मग आपल्याच सैन्याच्या वरिष्ठ जनरल विल्किन्सनला चारचौघांत गद्दार म्हणाला, कोर्ट मार्शल झालं आणि १८१० ला वर्षभर सस्पेंड. त्या वर्षात घरी बसून लष्करी पुस्तकांचा फडशा पाडला. (विल्किन्सन खरंच स्पेनकडून पैसे खात होता, पण ते सिद्ध व्हायला लई वर्षं गेली.)

रेजिमेंटवाला
अण्णांनी मुद्द्याचं ठेवलंच की. १८१४ चा बफेलोचा कॅम्प! ब्रिटिशांशी युद्ध चालू, आणि यांच्या पलटणींत प्रत्येकाची कवायत वेगळी, एकत्र हलवायचं म्हटलं की सगळा सावळागोंधळ. स्कॉटने फ्रेंचांचं १७९१ चं कवायतीचं पुस्तक घेतलं आणि आधी ऑफिसरांनाच रांगेत उभं करून साध्या शिपायासारखं शिकवलं, मग त्यांनी आपापल्या कंपन्यांना, मग अख्खी ब्रिगेड, दिवसाला दहा-दहा तास. शिवाय संडास कुठे खणायचे, स्वयंपाक कसा करायचा, पहारा कसा द्यायचा यावरही याची नजर, त्यामुळे हगवण बरीच आटोक्यात आली. ५ जुलैला चिपावाच्या लढाईत गणवेशाचं निळं कापड न मिळाल्याने पोरं करड्या जाकिटात होती, ब्रिटिश जनरल रियालला वाटलं ही तर मिलिशिया (तात्पुरती नागरिकांची फौज), दोन गोळ्या झाडल्या की पळतील. तोफा चालू असताना रांग जागची हलेना तेव्हा कळलं की हे पक्के सैनिक आहेत. त्याच महिन्यात लंडीज लेनच्या लढाईत मात्र ब्रिगेडची वाट लागली, स्कॉट स्वतः जबर जखमी.

भटक्या_सातारकर
ऑफिसरांना आधी पिदवलं हे आवडलं. पण हे एका कॅम्पपुरतंच राहिलं का?

तोफखाना_अण्णा
नाही रे. १८२१ ला सैन्याची नियमावली याने लिहिली, इथे वकिली डोकं कामाला आलं बघ, काही म्हणजे काही सुटलेलं नाही. सूप किमान पाच तास उकळायचं आणि ब्रेड गार झाल्याशिवाय खायचा नाही, हेसुद्धा कलमात! १८३५ ला पायदळाच्या कवायतीचं तीन खंडांचं पुस्तक. आणि १८४७ ला व्हेराक्रूझला उतरून मेक्सिको सिटी घेतली तेव्हा हाताखाली वेस्ट पॉइंटची तरुण पोरं होती, त्यांच्याशिवाय हे युद्ध कितीतरी वर्षं रेंगाळलं असतं असं यानेच कबूल केलं. स्वतः तिथे न शिकता!

मावळतीकर
१८३८ पण लिहा की राव. चेरोकी या मूळनिवासी लोकांना घरादारातून हुसकावायच्या मोहिमेचा सेनापती हाच. माणुसकीने वागा असे लेखी हुकूम काढले होते, पण बराचसा फौजफाटा मिलिशियाचा, त्यांनी जे करायचं तेच केलं. छावण्यांत आणि वाटेत हजारो मेले.

रेजिमेंटवाला
बरोबर आहे, ते त्याच्याच खात्यावर.