मदत हवी आहे: पत्रकात आजारी सभासदांची नावं छापावीत का?

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीच्या मासिक पत्रकाचं काम सध्या माझ्याकडे आहे. पाळकसाहेबांचा संदेश, बाप्तिस्मे, विवाह, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारांपासून ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्ट सणापर्यंतचं उपासनेचं वेळापत्रक, हे सगळं नीट जमतं.

अडचण प्रार्थना विनंत्यांची आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) आजाऱ्यानेच मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलावणं पाठवावं असं म्हटलंय. म्हणजे सुरुवात त्याच्याकडून. आपल्याकडे मात्र नातेवाईक परस्पर कळवतात आणि नाव, आजार, वॉर्ड नंबर सगळं छापून येतं. मग त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठल्या कुठे जाते. एका ताईंच्या ऑपरेशनची बातमी अशीच त्यांच्या ऑफिसात पोचली, त्या फार दुखावल्या. पण नावच गाळलं तर भेटायला जाणार कोण? एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तर त्या भेटीचाच आधार असतो.

तुमच्याकडे संमती कशी घेतात, तोंडी की लेखी? छापील प्रतीत नाव आणि पीडीएफमध्ये फक्त ‘एक बहीण’, असं कुणी करतं का? संमतीपत्राचा साधा नमुना असेल तर कृपया इथे टाका. पुढचा अंक लवकरच छपाईला द्यायचाय.